बाण जिकडे, पिन तिकडे

ऑगस्ट 2023, बर्लिन. जागतिक तिरंदाजी अजिंक्यपद स्पर्धेत कंपाउंड (टोकांना कप्प्या असलेल्या धनुष्याच्या) प्रकाराच्या अंतिम फेरीत नागपूरच्या ओजस देवतळेने पंधरा बाण सोडले आणि पंधराही दहाच्या वर्तुळात रुतले. 150 पैकी 150! अंतर 50 मीटर आणि वर्तुळ जेमतेम 8 सेंटिमीटर रुंद. त्याच स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. अशा गुणांमागे वर्षानुवर्षांची मेहनत असते. पण धनुष्यावरची साईट, म्हणजे नेम धरायची पिन असलेली जोडणी, नीट बसलेली नसेल, तर ती मेहनत फलकावर दिसतच नाही.

हिशोब करून पाहा. ऑलिंपिकमध्ये रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेल्या बिनकप्प्यांच्या, धनुष्याने 70 मीटरवर नेम धरतात. ताणलेल्या धनुष्यावर साईटची पिन डोळ्यापासून साधारण 90 सेंटिमीटरवर असते. ती एक मिलिमीटर सरकली, की लक्ष्यावर बाण जवळजवळ पावणेआठ सेंटिमीटर सरकतो. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या 6.1 सेंटिमीटर. म्हणजे मधोमध लागणारा बाण थेट नऊमध्ये!

साईट रायझरला, म्हणजे धनुष्याच्या मुठीकडच्या मधल्या भागाला, स्क्रूंनी बसवतात. बाण सुटताना धनुष्याला हादरा बसतो आणि स्क्रू हळूहळू ढिले होतात. म्हणून सरावाआधी ते तपासायलाच हवेत.

खरी कसोटी पुढे आहे. धनुष्य उभे करून मागून पाहायचे: दोरी दोन्ही लिंबांच्या, म्हणजे रायझरच्या वरच्या-खालच्या लवचीक पात्यांच्या, मधोमध दिसली पाहिजे आणि साईटची उभी पट्टी दोरीला समांतर. लांबच्या अंतरासाठी पिन पट्टीवरून खाली आणावी लागते, कारण पिन खाली गेली की धनुष्य वर उचलले जाते. पट्टी तिरकी असेल तर खाली येताना पिन बाजूलाही सरकते. मग 30 मीटरवर मधोमध लागणारे बाण 70 मीटरवर एका कडेला जातात आणि बिचारा नवखा खेळाडू वाऱ्याला किंवा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. पट्टी सरळ असली तरी धनुष्यच कलले तर ती तिरकी होते; ते कळायला कंपाउंडच्या साईटमध्ये छोटी पाणसळ असते. धनुष्य कलले की बुडबुडा लगेच सांगतो. रिकर्व्हला ती सोय नाही.

जुळवणी जवळच्या अंतरापासून सुरू होते. एका बाणावरून पिन कधीच हलवू नये. पाच-सहा बाण सोडून त्यांचा घोळका कुठे जमतो ते पाहावे. घोळका डावीकडे असेल तर पिनही डावीकडे न्यायची, वर असेल तर वर. नवख्याला हे उलटे वाटते. पण डावीकडे नेलेली पिन पुन्हा मध्यावर आणायला धनुष्यच उजवीकडे वळवावे लागते, आणि बाणही तिकडेच जातो.

प्रत्येक अंतराची खूण मग पट्टीवर किंवा वहीत नोंदवतात. दोरी बदलली, बाणांचे वजन बदलले किंवा हनुवटीखाली हात टेकवायची जागा थोडी जरी सरकली, तरी त्या खुणा पुन्हा तपासून घ्याव्या लागतात.