उतार सोपा? मांड्यांना विचारा!

दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन १९२१ साली सुरू झाली. साधारण ९० किलोमीटर, वेळ १२ तास. कधी डर्बनहून वर चढायचं, कधी पीटरमॅरिट्झबर्गहून खाली उतरायचं. कागदावर उतार म्हणजे नफाच वाटतो ना? पण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, त्याचे बारीक तंतू फाटतात. दोन दिवसांनी साधा जिना उतरवत नाही! पोटही रुसतं, कारण रक्त पायांकडे वळलेलं असतं. तहान नसताना पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, प्रसंगी जिवावर बेततं. वेदनाशामक गोळी घेऊन पळणं म्हणजे किडनीवर उधारी. (सीझनमध्ये काउंटरवर गोळ्या खाणाऱ्यांनो, ऐकताय ना?) आणि १२ तासांवर एक सेकंद झाला, तरी पदक नाही.