मराठीचा शिक्षक आणि संगणकावरील अक्षर



आपल्यापैकी अनेकांनी दहा-पंधरा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा पुस्तक हाती घेतले आहे. घर, शेती किंवा नोकरी सांभाळून बी.ए. पूर्ण करावे, पुढे बी.एड. करून मराठीचे शिक्षक व्हावे, असा काहींचा संकल्प आहे. त्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. दूरशिक्षणाचे बी.एड. हे सेवेत असलेल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी असते. इतरांना नियमित महाविद्यालयात दोन वर्षे उपस्थित राहावे लागते. बी.ए. घरी बसून झाले म्हणून पुढचेही तसेच होईल, असे गृहीत धरून संसाराचा हिशेब मांडू नये. पहिली ते आठवीच्या वर्गांवर शिकवायचे असल्यास शिक्षक पात्रता परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते.

या वाटेवर प्रौढ विद्यार्थ्याला अभ्यासापेक्षा अधिक धास्ती वाटते ती यंत्राची. आमच्या एका संपर्कसत्रात एका विद्यार्थिनीने घरच्या जुन्या संगणकावर परिश्रमपूर्वक पाठ तयार करून आणला होता. अभ्यासकेंद्रातील संगणकावर तो उघडला तेव्हा पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन पसारा दिसला. ‘‘माझं वय झालं सर, हे मला जमायचं नाही,’’ असे म्हणून त्या खाली बसल्या. वास्तविक दोष त्यांचा नव्हता. तो कशाचा होता, हे समजून घेणे मराठीच्या विद्यार्थ्याला दोन अर्थांनी उपयोगाचे आहे.

जुन्या मराठी फाँटमध्ये आपली अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. संगणकाच्या लेखी तेथे इंग्रजी अक्षरच असे, केवळ त्याचे चित्र मराठी असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर चित्र नाहीसे होई आणि मूळचे इंग्रजी अक्षर उघडे पडे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत मात्र देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. त्यामुळे युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर घरी, शाळेत आणि भ्रमणध्वनीवर सारखाच वाचता येतो. वर्गासाठी काहीही तयार करताना युनिकोडच वापरावे.

ज्यांनी पूर्वी मराठी टंकलेखनाची परीक्षा दिली आहे, त्यांना येथे एक अडचण येते. टंकलेखन यंत्रावर अक्षर जसे दिसते त्या क्रमाने कळ दाबावी लागे. ‘दिवस’ लिहिताना आधी वेलांटी, मग द. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो : आधी द, मग वेलांटी. ‘धर्म’ या शब्दात रफार डोळ्यांना म-च्या डोक्यावर दिसतो, पण उच्चारात र् आधी येतो. म्हणून ध, र, हलन्ताचे चिन्ह आणि शेवटी म, असे लिहावे लागते. इनस्क्रिप्ट हा कळफलक पाहिल्यास त्यात बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आणि स्वर डाव्या हाताला आहेत. क आणि ख, ग आणि घ, त आणि थ अशा अल्पप्राण-महाप्राण जोड्या एकाच कळीवर आहेत. वर्णविचाराच्या घटकात जे आपण पाठ केले, तेच येथे बोटांखाली येते. भाषेचा विद्यार्थी या कामात मागे पडतो हा समज म्हणूनच फारसा खरा नाही.

मराठीची खरी कसोटी ‘ऱ’ या वर्णाशी लागते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, आणि ‘दऱ्या’ हे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ या वाक्यांत तर विद्वान आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. हा अर्धा र उमटवण्यासाठी युनिकोडमध्ये ‘ऱ’ला वेगळे स्थान आहे; ऱ, हलन्ताचे चिन्ह आणि य अशा क्रमाने ‘ऱ्य’ तयार होतो. ज्याला हे ठाऊक नसते तो साधा र वापरतो, आणि डोंगरदऱ्यांच्या जागी ‘डोंगरदर्या’ छापले जाते. अन्य कोणाकडून हे झाले तर क्षम्य म्हणता येईल. पण मराठीच्या शिक्षकाच्या पडद्यावर चाळीस मुले तेच रूप बरोबर समजून वहीत उतरवून घेतात.

आता पडद्याविषयी. पडद्यावरील अक्षर तयार होऊनच समोर येते. फळ्यावर मात्र ते मुलांच्या डोळ्यांदेखत घडते : रेघ कोठून निघाली, गाठ कोठे पडली, जोडाक्षरात कोणता वर्ण अर्धा झाला, हे सारे हात दाखवतो. म्हणून लेखन शिकवताना खडूच श्रेष्ठ, असे माझे स्पष्ट मत आहे. पडदा वापरावा तो हाताला न जमणाऱ्या गोष्टींसाठी. मालवणी किंवा अहिराणी बोलीचा नमुना शिक्षकाने नक्कल करून ऐकवण्यापेक्षा ती बोलणाऱ्या व्यक्तीचे ध्वनिमुद्रण ऐकवणे केव्हाही योग्य. असे ध्वनिमुद्रण साध्या भ्रमणध्वनीवर होते, आणि बोली बोलणारी वडीलधारी माणसे प्रौढ विद्यार्थ्याच्या ओळखीत तरुण सहाध्यायांपेक्षा अधिक असतात. मात्र त्यांची अनुमती अवश्य घ्यावी. तयार साहित्य हवे असल्यास 2017 मध्ये सुरू झालेला केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ मंच आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडवरून तेथे जाता येते. ते साहित्य आधी स्वतः पूर्ण पाहिल्याशिवाय वर्गात लावू नये. आणि वीज गेली तर तोच पाठ फळ्यावर कसा घ्यायचा, हे टाचणात लिहून ठेवावे.

त्या विद्यार्थिनीने पुढच्या सत्रात तोच पाठ युनिकोडमध्ये लिहून आणला. त्यात दोन ठिकाणी ‘दुसर्या’ राहिले होते. ते त्यांनीच आमच्या आधी दाखवून दिले.

कृती : दिवस, धर्म, सूर्य, दुसऱ्या, वाऱ्यावर, आचाऱ्यांना, ॲप, बाळ हे शब्द संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर युनिकोडमध्ये लिहा. प्रत्येक शब्दासमोर दाबलेल्या कळींचा क्रम हाताने लिहा आणि तो उच्चाराच्या क्रमाशी ताडून पाहा. ही नोंद पुढील संपर्कसत्राला सोबत आणावी.