शैक्षणिक चित्रफितींची साठवण व वितरण : खानदेशातील महाविद्यालयांच्या संदर्भात

प्रस्तावना

मार्च २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे वर्ग बंद पडले. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातही इतर ठिकाणांप्रमाणेच अध्यापन मोबाईलच्या पडद्यावर आले. घरातील भिंतीवर फळा टांगून, खिडकीच्या उजेडात, मिळेल त्या साधनाने व्याख्याने चित्रित झाली. त्या घाईत एक प्रश्न मागे राहिला : ही चित्रफीत ठेवायची कोठे, आणि पाच वर्षांनी ती कोणाच्या हाती असेल?

या प्रश्नाचे गांभीर्य पुढील काही वर्षांत उघड झाले. शैक्षणिक संस्थांना गुगलने दिलेली अमर्याद मोफत साठवण जुलै २०२२ पासून मर्यादित झाली. संपूर्ण संस्थेसाठी मिळून १०० टेराबाइट अशी मूळ मर्यादा ठरली. यूट्यूबवर २०१७ पूर्वी ‘अनलिस्टेड’ म्हणून ठेवलेल्या चित्रफिती जुलै २०२१ मध्ये आपोआप खासगी झाल्या. मालकाने वेळीच पर्याय निवडला नसेल तर जुने दुवे विद्यार्थ्यांसाठी निरुपयोगी ठरले. मायक्रोसॉफ्टची ‘स्ट्रीम’ ही जुनी सेवा एप्रिल २०२४ मध्ये बंद झाली. यांपैकी कोणताही बदल पूर्वसूचनेशिवाय झाला नाही. सूचना आल्या त्या खातेदाराच्या ई-मेलवर. तो ई-मेल कोण उघडतो, हा प्रश्न मात्र संस्थेचा होता.

साठवण आणि वितरण : दोन वेगळी कामे

चित्रफीत ‘होस्ट करणे’ या एका शब्दप्रयोगात दोन कामे दडलेली आहेत. एक, मूळ प्रत सुरक्षित ठेवणे. दुसरे, मागेल त्या विद्यार्थ्याला ती तत्काळ पोहोचविणे. दोन्हींचे हिशोब पूर्णतः भिन्न आहेत.

चाळीस मिनिटांचे व्याख्यान सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने नोंदविले असता सुमारे ३०० मेगाबाइटची फाइल होते. अशी शंभर व्याख्याने म्हणजे अवघे ३० गिगाबाइट. ती साध्या पेन ड्राइव्हवरही मावतात. परंतु ४०० विद्यार्थ्यांनी ही सर्व व्याख्याने प्रत्येकी एकदा पाहिली, तर सर्व्हरवरून बाहेर जाणारी माहिती १२,००० गिगाबाइट होते. साठवणीच्या चारशे पट! क्लाउड सेवांच्या देयकात मोठा आकडा बहुधा याच बाहेर जाणाऱ्या माहितीचा असतो, आणि दरपत्रक वाचताना नेमकी तीच ओळ नजरेतून सुटते.

परीक्षेच्या आदल्या रात्रीची गोष्ट आणखी निराळी. दोनशे विद्यार्थी एकाच वेळी पाहू लागले तर सर्व्हरला सेकंदाला २०० मेगाबिट सातत्याने पाठवावे लागतात. महाविद्यालयाचे संकेतस्थळ ज्या स्वस्त सामायिक होस्टिंगवर असते, ते एवढा भार पेलत नाही. चित्रफितींसोबत प्रवेशाची माहिती आणि निकालाचे पानही बंद पडते. म्हणून चित्रफीत थेट संकेतस्थळाच्या फोल्डरमध्ये टाकणे हा सर्वांत सोपा दिसणारा मार्ग सर्वांत अयोग्य म्हणावा लागतो.

चित्रफीत-वितरणाच्या विशेष सेवा हा भार वेगळ्या पद्धतीने उचलतात. एका व्याख्यानाच्या तीन-चार दर्जाच्या आवृत्त्या तयार होतात, प्रत्येक आवृत्तीचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात आणि विद्यार्थ्याच्या जोडणीचा वेग पाहून पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागवायचा हे प्लेअर ठरवितो. चोपड्याहून जळगावला एस.टी.ने येणाऱ्या विद्यार्थिनीचे नेटवर्क वाटेत क्षीण झाले, तर चित्र धूसर होते, पण व्याख्यान थांबत नाही. एकच मोठी फाइल ठेवली असता ही सोय मिळत नाही.

यूट्यूबचा मोह आणि मर्यादा

वरील सर्व कामे यूट्यूब विनामूल्य करते. साध्या फोनवर ते चालते, विद्यार्थ्यांना ते शिकवावे लागत नाही. एनपीटीईएलसारखा राष्ट्रीय प्रकल्पही आपली व्याख्याने तेथे ठेवतो. लहान महाविद्यालयाने यूट्यूब टाळावे असे म्हणणे व्यवहाराला धरून होणार नाही.

तथापि काही अटी नीट समजून घेणे आवश्यक आहे. जून २०२१ पासून भारतातील कोणत्याही चॅनेलच्या चित्रफितीवर जाहिरात दाखविण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे घेतला आहे. चॅनेलने उत्पन्नासाठी नोंदणी केलेली नसली तरीही. व्याख्यान संपल्यावर दिसणाऱ्या अन्य चित्रफिती पूर्णपणे बंद करण्याची सोय २०१८ पासून राहिलेली नाही. एकदा चढविलेली फाइल त्याच दुव्यावर बदलता येत नाही. फळ्यावरील एका चिन्हाची चूक सुधारायची तर नवी चित्रफीत आणि नवा दुवा. मराठीच्या व्याख्यानात चित्रपटगीताचा तुकडा वाजविला, तर ध्वनिमुद्रण कंपनीचा स्वयंचलित दावा येऊ शकतो. प्रताधिकार अधिनियम, १९५७ अध्यापनाच्या ओघातील वापराला सवलत देतो, पण यंत्राला वर्ग आणि बाजार यांतील भेद कळत नाही.

ॲप तयार करणाऱ्या संस्थांसाठी आणखी एक अडसर आहे. यूट्यूबची चित्रफीत ॲपमध्ये त्यांच्याच प्लेअरमधून दाखवावी लागते. ती उतरवून ठेवणे, केवळ आवाज वेगळा काढणे किंवा फोनचा पडदा बंद असताना ऐकविणे त्यांच्या अटींत बसत नाही. यूट्यूबच्या स्वतःच्या ॲपमध्ये भारतात डिसेंबर २०१४ पासून चित्रफीत तात्पुरती साठविता येते, पण ती सोय महाविद्यालयाच्या ॲपला मिळत नाही. ज्या ॲपचा मुख्य हेतूच ‘नेटवर्कशिवाय अभ्यास’ हा आहे, त्याला म्हणून सशुल्क सेवा किंवा स्वतःचा सर्व्हर घ्यावा लागतो. स्वतःचा सर्व्हर चालवू इच्छिणाऱ्यांसाठी पीअरट्यूबसारखी मुक्त प्रणाली उपलब्ध आहे. मात्र तिची देखभाल करणारी व्यक्ती सेवेत कायम असेल याची खात्री हवी. कंत्राटी तंत्रज्ञ गेला की सर्व्हर अनाथ होतो.

बहुतेक वरिष्ठ महाविद्यालयांना कनिष्ठ महाविद्यालये जोडलेली आहेत. अकरावी-बारावीचे अनेक विद्यार्थी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या व्याख्येनुसार ‘बालक’ ठरतात. त्यांचा मागोवा घेणे व त्यांना उद्देशून जाहिराती दाखविणे यांवर या कायद्यात निर्बंध आहेत. शैक्षणिक संस्थांना काही कामांपुरतीच सवलत आहे. संकेतस्थळावर दुसऱ्या कंपनीचा प्लेअर बसविताना तो पाहणाऱ्याची कोणती माहिती घेतो, हे तपासण्याची जबाबदारी त्यामुळे वाढली आहे.

जेथे नेटवर्कच नाही

रावेर तालुक्यातील पाल किंवा शिरपूर तालुक्यातील बोराडी परिसरातील सातपुड्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी होस्टिंगची चर्चा वेगळ्याच टोकाला सुरू होते. तेथे प्रश्न फाइलच्या आकाराचा आहे. फळा किंवा स्लाइड दाखविणाऱ्या व्याख्यानाला सेकंदाला ३०० किलोबिट बहुधा पुरतात. तेच चाळीस मिनिटांचे व्याख्यान मग ३०० ऐवजी ९० मेगाबाइटमध्ये बसते. केवळ आवाज ३२ किलोबिटने नोंदविला तर जेमतेम १० मेगाबाइट लागतात. इतिहास किंवा साहित्याच्या कितीतरी व्याख्यानांत चित्राची भूमिका एका चेहऱ्यापुरतीच असते, हे प्राध्यापकांनी मान्य करावयास हरकत नाही.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाने हा विचार आधीच केला होता. संगणकाच्या पडद्याचे चित्रण, सुमारे दहा मिनिटांचे छोटे पाठ, मराठीसह अनेक भारतीय भाषांत निवेदन, आणि इंटरनेट नसेल तेथे सीडीवरून चालण्याची सोय अशी त्याची रचना होती. मुक्त परवान्यामुळे प्रती काढून वाटण्यास कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. आज सीडीची जागा मेमरी कार्डने घेतली असली तरी पद्धत तीच राहते. ग्रंथालयातील एका संगणकावर सर्व व्याख्याने विषयवार ठेवली, तर आठवड्यातून एकदा येणारा विद्यार्थीही ती कार्डवर घेऊन जाऊ शकतो.

मूळ प्रत व पत्ता

धुळे शहराला मूळ प्रतीचे महत्त्व नव्याने सांगण्याचे कारण नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ च्या अखेरीस निधन झाले आणि त्यांनी जमविलेली कागदपत्रे जपण्यासाठी पुढच्याच वर्षी येथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे छापील खंड दूरवर पोहोचले होते, तरी मूळ कागदांचे मोल त्याने कमी झाले नाही. यूट्यूबवरील चित्रफीत ही त्या छापील खंडासारखी आहे. तिचा दर्जा कमी केलेला असतो आणि तिच्यावरून मूळ चित्रण परत मिळत नाही. मूळ फाइल, तिची उपशीर्षके आणि वापरलेल्या स्लाइड्स महाविद्यालयाच्या दोन स्वतंत्र हार्ड डिस्कवर असाव्यात, आणि त्यांतील एक त्याच इमारतीत नसावी.

पत्त्याचेही तसेच. छापील कार्यपुस्तिकेत, क्यूआर कोडमध्ये किंवा नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालात यूट्यूबचा दुवा थेट दिला, की पुढे सेवा बदलताना ते सर्व कागद खोटे ठरतात. त्याऐवजी महाविद्यालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर प्रत्येक व्याख्यानासाठी एक पान करून त्याचाच पत्ता सर्वत्र द्यावा. त्या पानाच्या आत चित्रफीत आज यूट्यूबवरून येईल, उद्या अन्य सेवेवरून. विद्यार्थ्याच्या हातातील पत्ता बदलणार नाही. ॲपनेही याच पत्त्यांच्या यादीवरून चालावे. संकेतस्थळाच्या नावाचे नूतनीकरण वेळेवर होते की नाही, एवढे कार्यालयाने पाहावयाचे.

चॅनेल कोणाच्या नावावर आहे, याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. अनेक ठिकाणी ते प्राध्यापकाच्या वैयक्तिक जी-मेलवर उघडलेले असते. सेवानिवृत्तीच्या दिवशी थकबाकी नसल्याच्या दाखल्यावर ग्रंथालय, प्रयोगशाळा, क्रीडा विभाग आणि लेखा शाखा यांच्या सह्या घेतल्या जातात. त्याच दाखल्यावर आणखी एक रकाना असावा : चॅनेलचे व्यवस्थापन संस्थेच्या खात्याकडे सोपविले, मूळ फाइल्स ग्रंथपालांकडे जमा केल्या, दिनांक, स्वाक्षरी.