‘छान आहे’ या उत्तराचं काय करायचं?

लेखमाला : माहितीचे दरवाजे – भाग ६

मागच्या भागात ज्ञान-पोर्टलचा नमुना कसा उभा राहतो ते पाहिलं. आता तो लोकांपुढे ठेवून विचारायचं, समाधान झालं का? आपल्याकडे या प्रश्नाला हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘छान आहे’. विचारणारा दारात उभा असताना त्याच्या कामाला नावं कोण ठेवणार?

उदाहरणाला सुरत घेऊ. समजा, पूर आणि पावसाळी आजार यांची माहिती एकत्र देणारं पोर्टल तिथे चाचणीसाठी तयार आहे. या शहराला अशा माहितीची किंमत कळलेली आहे. १९९४च्या प्लेगच्या वेळी लाखो लोक शहर सोडून गेले. ऑगस्ट २००६मध्ये तापीवरच्या उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावं लागलं आणि शहराचा बराचसा भाग पाण्याखाली गेला.

पहिला पेच, विचारायचं कोणाला? सुरत महापालिकेच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात, त्यावरून वस्तीचा अंदाज यावा. लिंबायत, उधना, दिंडोलीकडे खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं आहेत. लूमवर बारा-बारा तासांच्या पाळ्या करणारे ओडिया कामगार आहेत. पोर्टलवरच ‘अभिप्राय द्या’ अशी चौकट टाकली, तर ती भरणार कोण? जो तिथवर पोहोचला तोच. पहिल्याच पानावर कंटाळून निघून गेलेल्याची नाराजी कुठेच नोंदली जात नाही. म्हणून पाळी सुटायच्या वेळेला कारखान्याच्या फाटकापाशी आणि दुपारी घराघरांत जाऊन विचारावं लागतं. खर्च वाढतो, पण त्याला इलाज नाही.

दुसरा पेच प्रश्नांचा. एखादी गोष्ट वापरायला किती सोपी आहे हे मोजणारी, जॉन ब्रुक यांनी १९८६मध्ये बनवलेली दहा विधानांची प्रश्नावली आज जगभर वापरली जाते. प्रत्येक विधानापुढे १ ते ५ आकडे, १ म्हणजे अजिबात सहमत नाही, ५ म्हणजे पूर्ण सहमत. यातली विषम क्रमांकाची विधानं कौतुकाची (‘हे वापरायला सोपं वाटलं’) आणि सम क्रमांकाची तक्रारीची (‘हे विनाकारण किचकट वाटलं’). गुण मोजताना कौतुकाच्या विधानातल्या आकड्यातून १ वजा करायचा, तक्रारीच्या विधानातला आकडा ५मधून वजा करायचा आणि दहांची बेरीज अडीचपट करायची. कौतुकाला सगळीकडे ४ आणि तक्रारीला सगळीकडे २ दिले, तर ७५ गुण होतात. हे ७५ टक्के मात्र नव्हेत. अनेक चाचण्यांची सरासरी ६८च्या आसपास निघते, तेव्हा तुलना तिच्याशी करायची.

या रचनेतली खरी गंमत पुढेच आहे. दहाही विधानांना डोळे मिटून ५ देणाऱ्याचे गुण किती? ५०. सगळीकडे १ देणाऱ्याचे? तेही ५०. ‘सोपं आहे’लाही हो आणि ‘किचकट आहे’लाही हो म्हणणारा भिडस्त माणूस असा आपोआप मध्यावर येऊन बसतो. त्याचा कागद पाहिला की उत्तरं वाचून दिलेली नाहीत हे लगेच कळतं.

पण उलटसुलट विधानांचा त्रासही आहे. ‘किचकट वाटलं’ याला ‘सहमत नाही’ म्हणायचं, म्हणजे पोर्टलची स्तुती करायची. दिवसभर लूमवर उभं राहून आलेल्या माणसाचा इथे गोंधळ होणारच. २०११मध्ये सौरो आणि लुईस या संशोधकांनी दहाही विधानं सरळ ठेवून पाहिली, गुणांत फारसा फरक पडला नाही. तोंडी सर्वेक्षणाला मी तरी सरळ विधानंच घेईन, आणि हो-हो करणाऱ्याला ओळखायला वेगळी युक्ती वापरीन.

ती युक्ती म्हणजे मत विचारण्याआधी काम सांगायचं. ‘उकाईची आजची पातळी शोधा, ती ३४५ फुटांच्या पूर्ण पातळीपेक्षा किती खाली आहे ते सांगा.’ ‘रांदेर-सिंगणपोर कॉजवे आज चालू आहे का, बघा.’ मग गप्प बसून पाहायचं. बोट कुठे अडतं, शेजारच्या मुलाला हाक कधी मारली जाते, ते टिपायचं. उत्तर न सापडताही ५ गुण देणारे बरेच भेटतात, आणि शिकण्यासारखं सगळ्यात जास्त त्यांच्याकडूनच मिळतं.

त्यांना आणखी एक विचारावं : हे पोर्टल नव्हतं तेव्हा कुठून कळायचं? तापी खानदेशातल्या भुसावळकडूनच सुरतेला येते. तिथल्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी गावाकडच्या एका फोनने सुरतेत पोहोचू शकते. पोर्टलची स्पर्धा त्या फोनशी आहे, आणि प्रश्नावलीत तो प्रश्न क्वचितच असतो.

किती जणांना विचारायचं? अडचणी हुडकायच्या असतील, तर पाच जणांत बहुतेक सापडतात, असं वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन सांगत आले आहेत. सुरतेत मात्र प्रत्येक भाषेचे पाच धरावे लागतील. ‘इतके टक्के लोक समाधानी’ असं छापायचं असेल, तर पाचावर भागणार नाही, शेकड्यांत जावं लागेल.

आणि हे सगळं एप्रिलमध्ये उरकून अहवाल देऊ नये. पाऊस नसताना पुराचं पान कोणालाही बरं वाटतं. ऑगस्टमध्ये, पातळी चढत असताना आणि एकाच वेळी हजारो लोक तेच पान उघडत असताना, त्याच माणसांना पुन्हा तीच कामं द्यावीत. या दोन वेळच्या गुणांची तुलना कशी करायची ते पुढच्या आठवड्यात.