पंचाविना खेळ

अमेरिकेत न्यू जर्सीतील मेपलवुड येथे शाळकरी मुलांनी १९६८ साली ‘अल्टिमेट फ्रिस्बी’ हा तबकडीचा खेळ रचला. १९७२ मध्ये रटगर्स व प्रिन्स्टन यांच्यात त्याचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. या खेळात मुळात पंच नाही. नियमभंग खेळाडूंनीच सांगायचा आणि वादही आपसांतच मिटवायचा. महाविद्यालय बदलणाऱ्या विद्यार्थ्याला नियम तेच, पण संघ निराळा भेटतो. एका संघात प्रतिस्पर्ध्याचा आक्षेप शांतपणे ऐकला जातो, नवख्यालाही खेळवले जाते. दुसऱ्यात विजयापुढे दोन्ही गौण ठरते. नियमपुस्तिका सर्वांना एकच. प्रामाणिकपणाचे वळण मात्र सहकारी लावतात. म्हणून नव्या संघात शिरताना त्याने करंडक मोजू नयेत; हरताना हे खेळाडू कसे वागतात, ते पाहावे.