पंधराची रिम, पण रुंदी किती?

टायरच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘चौदाची रिम की पंधराची?’ पंधरा म्हटलं की मांडणीतून टायर खाली येतो. रिमची रुंदी मात्र ना दुकानदार विचारतो, ना गिऱ्हाईक सांगतं. पंधराच्या रिमवर पंधराचा कुठलाही टायर चालतो, हा समज त्यातूनच पक्का होतो. पंधरा इंच हा रिमचा व्यास. टायर तिच्यावर चढतो तो त्या आकड्यामुळे. चढल्यावर तो नीट बसतो की नाही, हे रुंदी ठरवते.

185/65 आर 15 या टायरचंच पाहू. 185 म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याची रुंदी, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर ते एका बाजूच्या भिंतीपासून दुसऱ्या बाजूच्या भिंतीपर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये. तेही ठरावीक रुंदीच्या रिमवर, हवा भरून मोजलेलं. या मापासाठी ती रिम साडेपाच इंची. त्याहून अर्धा इंच जास्त रुंद रिमवर तोच टायर साधारण 5 मिलिमीटरने फाकतो, अरुंद रिमवर तेवढाच आक्रसतो.

साडेपाच इंच म्हणजे जेमतेम 140 मिलिमीटर. मग 185 चा टायर त्यावर मोठा नाही का? नाही. टायरची भिंत रिमच्या बाहेर किंचित फुगलेली असायलाच हवी. खड्ड्याचा पहिला दणका तीच झेलते. मापातला दुसरा आकडा म्हणजे भिंतीची उंची, टायरच्या रुंदीच्या टक्क्यांत; भिंत जितकी बुटकी, तितकी रिम टायरच्या मानाने रुंद लागते. 165/80 आर 14 ला मोजमापाची रिम साडेचार इंची, म्हणजे टायरच्या रुंदीच्या सुमारे 70 टक्के. 205/55 आर 16 ला साडेसहा इंची, म्हणजे सुमारे 80 टक्के.

अर्थात थोडी मोकळीक असते. युरोपातील टायर आणि रिम संघटनेच्या तक्त्यांत 185/65 आर 15 साठी 5 ते 6.5 इंच रुंदीची रिम चालते. त्याहून अरुंद रिमवर टायर मधून फुगतो, मधला पट्टा आधी झिजतो आणि वळणावर गाडी झोकांडते. फार रुंद रिमवर भिंती ताणल्या जातात, रिमची कड उघडी पडते आणि खड्ड्यात थेट तीच आपटते. हवा कमी असताना टायरची कड रिमवरून निसटण्याचा धोकाही इथे मोठा.

‘टायर जितका रुंद, तितकी पकड जास्त’ हे तर सर्रास ऐकू येतं. चाकावर 280 किलो भार आणि 30 पीएसआय हवा धरली, तर ढोबळ हिशेबाने रस्त्याला टेकलेली जागा सव्वाशे-दीडशे चौरस सेंटिमीटर भरते. टायर रुंद केला तर ही जागा फारशी वाढत नाही, तिचा आकार बदलतो: आडवी रुंद, लांबीला आखूड. कोरड्या वळणावर त्याचा फायदा होतो. पण पावसाळ्यात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पाणी साचलेलं असेल, तर रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि तो कमी वेगालाच पाण्यावर तरंगू लागतो. हे लक्षात न घेता घातलेला रुंद टायर जिवावर बेतू शकतो.

माप बदलायचंच असेल तर कंपन्या ते कसं बदलतात, हे बघण्यासारखं आहे. 2018 च्या स्विफ्टच्या खालच्या आवृत्त्यांना 165/80 आर 14, वरच्यांना 185/65 आर 15. टायर 20 मिलिमीटरने रुंद झाला, रिम इंचाने मोठी झाली, तरी चाकाचा एकूण व्यास 619.6 वरून 621.5 मिलिमीटरवर गेला, बस्स. याउलट त्याच पंधराच्या रिमवर 195/65 चढवला की व्यास 634.5 होतो. मीटरच्या त्याच काट्याला गाडी दोन टक्के जास्त वेगाने धावू लागते. 195/60 घेतला तर हाच फरक एक टक्क्याच्या आसपास राहतो, तोही कमी वेगाकडे.

रिमची रुंदी शोधायला फार खटपट नको. अलॉयच्या आतल्या बाजूला 5.5 जे × 15 असं कोरलेलं असतं: पहिला आकडा दोन कडांमधल्या रुंदीचा, जे हे कडेच्या आकाराचं अक्षर. बॅलन्सिंगसाठी चाक खाली उतरवलं की तेवढ्यात मोबाइलवर फोटो काढून ठेवता येतो.