जॉनी रॉकचा खून आणि तीस मिनिटांची तबकडी

1991 साली अमेरिकेतल्या गेम पार्लरमध्ये 'हू शॉट जॉनी रॉक?' नावाचा खेळ आला. त्याच्या पडद्यावर कॉम्प्युटरने रंगवलेली चित्रे नव्हती, चालतीबोलती माणसे होती. काळ 1930च्या दशकातला, हॅट-कोट घातलेल्या टोळीवाल्यांचा. जॉनी रॉक या गायकाचा खून झालेला आहे, लोला ग्रेंजर ही बाई खासगी गुप्तहेराकडे मदत मागते, आणि हा गुप्तहेर म्हणजे नाणे टाकून, यंत्राला वायरने जोडलेले पिस्तूल हाती घेतलेला खेळाडू. संशयित टोळीवाल्यांना गोवर, गालगुंड अशा रोगांची नावे दिलेली आहेत. आज अशा खेळांचा विषय निघाला की लोक हसतात. ना धड सिनेमा, ना धड खेळ, असा शेरा मारून पुढे जातात. हा निकाल घाईचा आहे असे मला वाटते. एकदा चित्रित झालेली फिल्म बदलत नाही. अशा फिल्मला समोरच्या माणसाच्या कृतीला उत्तर द्यायला लावायचे कसे, या अवघड प्रश्नाला या खेळाने प्रामाणिकपणे हात घातला होता, आणि त्यातला गुप्तहेर शोभेसाठी आणलेला नव्हता. त्याच्यावाचून उत्तराची जुळणी झालीच नसती.

प्रश्न तसा जुना आहे. निन्टेन्डोने 1974 साली 'वाइल्ड गनमॅन' हे यंत्र बाजारात आणले तेव्हा त्यात 16 मिलिमीटरची फिल्म होती. पडद्यावरचा बंदूकवाला पिस्तुलाला हात घाली, खेळाडूने वेळेत गोळी झाडली तर दुसऱ्या प्रोजेक्टरवरून तो कोसळल्याचे दृश्य दिसे. जिंकणे आणि हरणे, एवढ्या दोनच वाटा. 'जॉनी रॉक' बनवणारी अमेरिकन लेझर गेम्स ही न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीची कंपनी मात्र करमणुकीच्या धंद्यातून आलेली नव्हती. तिचे मूळ पोलिसांच्या प्रशिक्षणात होते. पडद्यासमोर शिपायाला उभे करायचे, त्याला एक प्रसंग दाखवायचा आणि गोळी झाडायची की नाही, हे क्षणात ठरवायला लावायचे, अशी यंत्रे तिथे तयार होत. या यंत्रांची खरी परीक्षा नेमबाजीपेक्षा बोट आवरण्यात होती. 1990 साली आलेल्या 'मॅड डॉग मॅक्री' या पहिल्या मोठ्या यशस्वी खेळातही तोच संस्कार दिसतो. गुंडांच्या मध्येच एखादा निरपराध माणूस समोर येतो, आणि त्याला गोळी घातली तर खेळाडूला त्याची किंमत मोजावी लागते.

आता यंत्राच्या पोटात डोकावले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. खेळ लेझरडिस्कवर साठवलेला असे. ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीएवढी ही चकती मिनिटाला 1800 फेरे घेते आणि एका फेऱ्यात चित्राची एक फ्रेम वाचली जाते. एका बाजूवर जास्तीत जास्त 54,000 फ्रेम, म्हणजे तीस मिनिटे. प्रत्येक फ्रेमला क्रमांक असल्याने यंत्र हव्या त्या क्रमांकावर उडी मारू शकते. या खेळात अ‍ॅमिगा हा घरगुती कॉम्प्युटर तबकडीच्या यंत्राला हुकूम देत असे. खेळाडूने चाप ओढला की पडदा क्षणभर लखलखतो, पिस्तुलाच्या नळीतला प्रकाशसंवेदक काचेवर फिरणारा इलेक्ट्रॉनचा झोत टिपतो आणि तो झोत नेमका कोणत्या क्षणी दिसला यावरून नेम कुठे धरला होता ते कळते. या क्रमांकाच्या फ्रेममध्ये गुंडाची छाती कुठे आहे, याचा तक्ता कॉम्प्युटरकडे आधीच असतो. नेम जुळला तर तबकडी गुंड कोसळण्याच्या दृश्यावर उडी घेते, चुकला तर तेच दृश्य पुढे चालू राहते आणि गोळी तुम्हाला लागते. उडी मारताना पडदा पुष्कळदा क्षणभर काळा होतो. जुन्या खेळाडूंना तो काळोख चांगला आठवत असेल.

म्हणजे प्रत्येक चकमकीसाठी निदान दोन शेवट चित्रित करायचे आणि सगळे मिळून तीस मिनिटांत बसवायचे. इथे हेरकथा कामाला आली. पाठलागाची किंवा सूडाची गोष्ट सरळ रेषेत जाते, ती दुसऱ्यांदा खेळताना तीच राहते. खुनाच्या तपासात मात्र खुनी बदलला की तेच दृश्य वेगळा अर्थ देऊ लागते. 'जॉनी रॉक'मध्ये खुनी दर खेळाला तोच नसतो. ठिकठिकाणी जाऊन धागेदोरे जमवायचे, एकेका संशयिताला वगळायचे आणि शेवटी खरा खुनी गाठायचा. नवे चित्रीकरण फारसे न करता जुन्याच फिल्ममधून नवी गोष्ट काढण्याची ही युक्ती मला फार हुशारीची वाटते. तिला दुसरी जोड पैशाची. गोळी लागली की डॉक्टरचे बिल भरायचे, आणि खिसा रिकामा झाला की तपास संपला. त्यामुळे प्रत्येक चुकीचे ओझे पुढच्या प्रसंगापर्यंत खेळाडूच्या डोक्यावर राहते, आणि सुट्या सुट्या चकमकी एका कथेत बांधल्या जातात.

पहिला आक्षेप अभिनयाचा. सगळे भडक, हातवारे नाटकी, संवाद ठोकळेबाज. हे खरेच आहे. पण खिडकीत आलेला माणूस शत्रू आहे की वाटसरू, हे एका सेकंदाच्या आत, गजबजलेल्या पार्लरमध्ये, काही पावलांवरून कळले पाहिजे. तिथे संयत अभिनय म्हणजे खेळाडूचा विश्वासघात. मूकपटातल्या नटांना शब्दांवाचून भाव पोचवायचा होता म्हणून त्यांनी मोठे हावभाव केले; इथे अडचण वेळेची होती. शिवाय पुष्कळांनी हे खेळ पार्लरमध्ये पाहिलेच नाहीत. 1990च्या दशकाच्या मध्यावर ते घरगुती यंत्रांवर आले. त्यातल्या सेगा सीडीवर एका वेळी 64 रंगच दिसत, चित्र दाणेदार होई, आणि पिस्तूल नसेल तर बटणांनी पडद्यावरचे चिन्ह सरकवत नेम धरावा लागे. त्या अनुभवावरून मूळ खेळाची पारख करणे न्यायाचे नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गुप्तहेर विचार करतो, बंदूक विचार संपवते. मग ही सांगड कसली? शिवाय गुंड कुठून डोकावणार हे पाठ झाले की उरते ती घोकंपट्टी. यातला दुसरा भाग मी मान्य करतो. तबकडीवरची चित्रे ठरलेली असल्याने पाठांतराला बक्षीस मिळणारच. तर्कालाही इथे फार वाव नाही, धागे जुळवण्यापेक्षा ते गोळा करण्यातच वेळ जातो. पण पहिला भाग मला पटत नाही. तपास करणाऱ्याचा पहिला गुण म्हणजे नीट पाहणे, घाईने कुणाला गुन्हेगार न ठरवणे. शिपायांच्या प्रशिक्षणातून आलेल्या या यंत्रांनी तेच मागितले होते.

या जातीच्या खेळांना संपवले ते पुढच्या तंत्राने. 1994 साली सेगाचा 'व्हर्चुआ कॉप' आला. त्यातले शत्रू कॉम्प्युटर त्याच क्षणी रचत असे, त्यामुळे गोळी हाताला लागली की पायाला, यावरून त्यांची प्रतिक्रिया बदले. फिल्मला हे जमणे शक्यच नव्हते. उरलेल्या यंत्रांवर आता काळ उठला आहे. काही लेझरडिस्कचा आतला थर सडतो, चित्रावर ठिपके पडू लागतात. पिस्तुलाची गत त्याहून वाईट. आपल्याकडे 1990च्या दशकात टीव्ही गेमसोबत मिळणाऱ्या बंदुकीने ज्यांनी 'डक हंट'मधली बदके पाडली, त्यांना ती बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर चालत नाही हे ठाऊक असेल. जुन्या काचेच्या ट्यूबशिवाय ती आंधळीच. छंदिष्टांनी इम्युलेटर लिहून अमेरिकन लेझर गेम्सचे खेळ नव्या कॉम्प्युटरवर चालते केले आहेत, आणि तबकड्यांवरचा मूळ संकेत जसाच्या तसा उतरवून ठेवण्याचेही काम काही जण करतात. हे काम सरकारी किंवा विद्यापीठीय संग्रहालयांनी अंगावर घ्यायला हवे, आणि तबकडीबरोबर चालती ट्यूबही जपायला हवी. नाहीतर फिल्म राहील आणि खेळ जाईल.

या कंपनीची पुढची हकीकत तपासाच्या धाग्याशी जोडलेली आहे. पार्लरचा धंदा आटत असताना तिने मुलींसाठी खेळ काढणारा 'हर इंटरॅक्टिव्ह' हा विभाग सुरू केला. 1995 साली त्याचा पहिला खेळ आला, आणि 1998 साली नॅन्सी ड्रू या कादंबऱ्यांतल्या तरुण गुप्तहेराच्या खेळांची मालिका सुरू झाली. 'सीक्रेट्स कॅन किल' या त्यातल्या पहिल्या खेळातही खून आहे आणि संशयित आहेत. खेळाडू खोल्या धुंडाळतो, माणसांना प्रश्न विचारतो, आणि त्याच्या हातात पिस्तूल नसते.